जुन्या जीपचे ब्रेक आणि आपलें कर्तव्य

वाहन किती वेगानें धांवतें याची चौकशी सर्वच करतात; तें हव्या त्या ठिकाणीं थांबतें कीं नाहीं, हें विचारणारा विरळा. वस्तुतः ज्याचें थांबणें निश्चित नाहीं, त्याच्या धांवण्याचें कौतुक तें काय करावयाचें? आमच्या सोलापूर जिल्ह्यांत जुन्या जीपगाड्या अजूनही वाड्यावस्त्यांच्या वाटांवर दिसतात. त्यांतून धान्य जातें, रोगी दवाखान्यांत जातो आणि मुलेंही प्रवास करतात. म्हणून त्यांच्या ब्रेकचा प्रश्न एकट्या मिस्त्रीचा नव्हे. तो विद्यार्थ्यांचा व पालकांचाही आहे.

१९४१ पासून विलीज कंपनीनें महायुद्धासाठीं जी जीप बनविली, तिच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. १९४५ सालीं स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कंपनीनें हीच गाडी आपल्या देशांत रुजविली. तिच्या ब्रेकची रचना शाळेंत शिकविल्या जाणाऱ्या पास्कलच्या नियमावर उभी आहे. पेडल दाबतांच मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइलचा दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत पोंचतो. तेथील लहान सिलिंडर दोन अर्धगोल शू बाहेर ढकलतात, आणि शूवरील लायनर फिरत्या ड्रमला आंतून घांसून चाक थांबवितात. परंतु या जुन्या रचनेंत चारही चाकांना तेलाचा मार्ग एकच असतो. एखाद्या चाकाचा क्षुल्लक मोलाचा रबरी वॉशर फाटला, तरी चारही चाकांचे ब्रेक एकदम जाऊं शकतात.

आमच्या भागाची काळी माती या यंत्राची मोठी वैरीण आहे. पावसाळ्यांत तिचा चिखल ड्रममध्यें शिरतो, उन्हाळ्यांत धूळ सांचते. तुळजापूरच्या घाटासारख्या उतारावर भरलेल्या गाडीचा ब्रेक सतत दाबून धरला, तर ड्रम तापून पकड सैल होते. अशा वेळीं खालच्या गिअरमध्यें उतरणें हाच शहाणपणा. ओढ्याच्या पाण्यांतून गाडी काढल्यावर ब्रेक हलकेच दाबीत थोडें अंतर जावें, म्हणजे लायनर कोरडे होतात.

दसऱ्याला आपण गाडी धुतों, झेंडूच्या माळा घालतों, हळदकुंकू वाहतों. ही कृतज्ञता योग्यच आहे. परंतु आमचें मत असें कीं, वर्षांतून एकदां, पावसाळ्यापूर्वीं, चारही ड्रम उघडून पाहणें ही त्याहून मोठी पूजा होय. लायनर झिजले असल्यास एकाच चाकाचे न बदलतां त्या आंसाच्या दोन्ही चाकांचे बदलावे. नाहींतर ब्रेक लावतांच गाडी एका बाजूस ओढते. ग्रीसनें भिजलेला लायनर पेट्रोलनें धुऊन पुन्हां बसविणें ही काटकसर नव्हे. ब्रेक ऑइल हवेंतील ओलावा शोषतें व सिलिंडर आंतून गंजतात, म्हणून तें दोन वर्षांनीं बदलावें. आणि त्याऐवजीं इंजिनचें तेल तर कधींच घालूं नये, कारण त्यानें रबर फुगून निकामी होतें. पेडल दोन-तीनदां दाबल्यावर ब्रेक लागतो म्हणून समाधान मानणें हें तर संकटास आमंत्रण होय.

येथें मुलांस एक इशारा द्यावयाचा आहे. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे. त्याची भुकटी श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांचे असाध्य रोग जडतात. ड्रममधील धूळ फुंकून वा हवेच्या झोतानें उडवूं नये. ओल्या फडक्यानें पुसावी. तें काम चालू असतां कुतूहलानें भोंवतीं गर्दी करूं नये.

कोणी म्हणतील, अशा गाड्या मोडींतच काढाव्या. आम्हांस तें पटत नाहीं. गाडीचें वय हा दोष नसून हयगय हा दोष आहे. नीट राखलेली जुनी जीप आपलें काम चोख करते. शिवाय या हयगयीचा सारा भार चालकावर टाकणें न्याय्य नाहीं. भाड्यांत दोन रुपये कमी करण्यासाठीं आपण अर्धा तास घासाघीस करतों, दहा माणसांच्या जागेंत पंधरा बसवितों, आणि मग ब्रेकच्या दुरुस्तीस त्याच्या हातीं पैसा उरला नाहीं तर दोष त्याचाच मानतों! जी गाडी आपल्या लेकरांस नेते, तिच्या ब्रेकसाठीं चार पालकांनीं मिळून वर्षाकांठीं वर्गणी काढली, तर तो उपकार नव्हे. ती स्वतःच्या घराचीच राखण होय.

मुलांनो, चालकास आदरानें एक प्रश्न विचारावयास शिका: "काका, ड्रम शेवटचे कधीं उघडले होते?" या प्रश्नांत उद्धटपणा नाहीं. जें डोळ्यांस दिसत नाहीं, पण ज्यावर दहा जीव अवलंबून आहेत, त्याची काळजी वाहणें हेंच खऱ्या सुशिक्षितपणाचें लक्षण आहे.