स्टेंट स्वस्त झाले, धमन्यांचे काय?

राष्ट्रीय औषध किंमत नियंत्रण प्राधिकरणाने १३ फेब्रुवारी २०१७ रोजी हृदयाच्या धमनीत बसविल्या जाणाऱ्या स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. तोवर लाखाच्या घरात विकला जाणारा औषधलेपित स्टेंट २९ हजार ६०० रुपयांवर आला, साधा स्टेंट ७ हजार २६० रुपयांवर. कारखान्यापासून रुग्णाच्या बिलापर्यंत येताना या जाळीदार नळीची किंमत किती पटींनी फुगत होती, हे प्राधिकरणाच्याच आकडेवारीतून उघड झाले. त्यातला मोठा वाटा रुग्णालयांच्या पदरात पडत होता. निर्णय योग्यच होता. मात्र धमनीकाठिण्यावरील उपचार म्हणजे स्टेंट, हे जनमानसातील समीकरण त्याने अधिकच घट्ट केले. आणि ते समीकरण चुकीचे आहे.

नळात गाळ साचावा तसा हा आजार नाही. चरबीचे थर धमनीच्या पोकळीत नव्हे, तर तिच्या भिंतीत साचतात आणि तेही एका जागी नव्हे, तर शरीरभर, वर्षानुवर्षे. अशा थरावरचे पातळ आवरण फाटले, की तेथे रक्ताची गुठळी होते आणि झटका येतो. फाटणारा थर अनेकदा अँजिओग्राफीत किरकोळ दिसलेला असतो. म्हणजे ‘ऐंशी टक्के ब्लॉकेज’ ऐकून हादरलेले कुटुंब ज्या जागेसाठी घाईने संमतीपत्रावर सही करते, धोका कदाचित तिथे नसतोच.

झटका आलेला असताना तातडीची अँजिओप्लास्टी प्राण वाचवते, याविषयी वाद नाही. प्रश्न आहे तो स्थिर रुग्णांचा. २००७ मध्ये ‘करेज’ या अमेरिकी-कॅनेडियन अभ्यासाने दाखवून दिले, की उत्तम औषधोपचाराला स्टेंटची जोड दिल्याने अशा रुग्णांतील मृत्यू वा झटके कमी होत नाहीत. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या ‘इस्केमिया’ या ५ हजार १७९ रुग्णांच्या अभ्यासाचा निष्कर्षही साधारण तोच निघाला. भारतातील रुग्णही त्यात होते. छातीतील वेदना स्टेंट वा बायपासने अधिक कमी झाल्या, हे खरे. पण वेदनामुक्ती आणि आयुष्यवृद्धी या दोन गोष्टी आहेत, आणि रुग्णाला हा फरक स्पष्ट सांगितला गेला पाहिजे. डाव्या मुख्य धमनीतील अडथळा किंवा फारच दुर्बल झालेले हृदय असलेले रुग्ण या अभ्यासात नव्हते, हेही ध्यानात ठेवावे लागेल.

संपूर्ण धमनीजालावर काम करते ते स्टॅटिन. १९९४ च्या स्कँडिनेव्हियन अभ्यासात ४ हजार ४४४ हृदयरुग्णांत या गटातील औषधाने मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले. ॲटॉरव्हास्टॅटिनची गोळी आज जेनेरिक रूपात काही रुपयांत मिळते. गंमत अशी, की ती वर्षानुवर्षे घ्यावी लागते आणि घेणाऱ्याला काहीच जाणवत नाही. मग सहा महिन्यांत ‘आता बरे वाटते’ म्हणून ती बंद होते.

सरकारी धोरणाचाही कल तसाच आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टीचा खर्च मिळतो. परंतु योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर असल्याने रोजच्या गोळ्यांचा भार बहुतांशी घरावरच राहतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र आरंभापासून होता. प्राथमिक आरोग्य केंद्रातच रक्तदाबाच्या गोळ्या देण्याची ही पद्धत कोणत्याही कॅथलॅबपेक्षा अधिक झटके टाळू शकते, पण तिची फीत कापायला कोणी येत नाही.

‘इंटरहार्ट’ अभ्यासानुसार दक्षिण आशियात पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांपेक्षा जवळपास सहा वर्षे आधी. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह आणि पोटाचा घेर ही त्याची कारणे परिचितच आहेत. तेला-तुपातील ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पानटपरीवर तो आजही मागितला की मिळतो.