शहादत : साक्षीची की हौतात्म्याची?

जर्मनी हा शब्द आमच्या सभा-संमेलनांत वारंवार कानावर येतो. वक्ता तावात आला की हिटलर येतो, गोबेल्स येतो, ज्यूंच्या छावण्या येतात आणि 'आज आपल्यावर तीच वेळ आली आहे' असे म्हणून टाळ्या घेतल्या जातात. दुसरीकडे हिटलरच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद पुस्तकांच्या दुकानांत सहज मिळतो आणि शिस्त व राष्ट्रभक्ती शिकण्यासाठी तो वाचणारेही भेटतात. दोन्हीकडे जर्मनी आहे, पण जर्मन माणूस कुठेच नाही. भाकरीच्या रांगेत उभी राहिलेली बाई, आघाडीवर पाठवलेला कारकून, वर्गात रोज हात उंचावून सलाम करायला लावणारा मास्तर, शेजारचे ज्यू कुटुंब नेले गेल्यावर त्यांचे कपाट लिलावात विकत घेणारा गृहस्थ, या माणसांनी काय पाहिले, काय केले आणि मागाहून काय आठवले, याची चौकशी आम्ही करत नाही.

ही चौकशी जर्मन साहित्याने केली आहे. सामान्य माणसाच्या युद्धकाळातील आठवणी या साहित्याने ज्या रीतीने जपल्या, त्या रीतीकडे आम्हांला लक्ष वेधायचे आहे. कारण आठवणी जपा, आठवणी जपा असा घोष आमच्यातही अलीकडे फार होतो आणि त्यामागे एक समजूत गृहीत धरलेली असते. ती अशी की सामान्य माणूस निष्पाप असतो, त्याची आठवण खरी असते आणि आपले काम फक्त ती ऐकून रडण्याचे आहे. ही समजूत आम्हांला साफ नामंजूर आहे.

उर्दू शिकवताना 'शहादत' या शब्दापाशी आम्हांला नेहमी थांबावे लागते. त्याचे दोन अर्थ आहेत. एक साक्ष, दुसरा हौतात्म्य. आमच्या कौमला दुसरा अर्थ प्रिय आहे. पहिला अर्थ आम्ही कचेरीतल्या कागदांसाठी ठेवून दिला आहे. जर्मन साहित्यातही हाच झगडा झाला आणि तेथे साक्षीची बाजू मोठ्या कष्टाने पुढे आली.

वाल्टर केम्पोव्स्की (1929-2007) हा लेखक आमच्याच पेशातला, खेड्यातल्या प्राथमिक शाळेचा मास्तर. जन्म रोस्टॉक या बंदराच्या शहरातला. 1948 साली सोव्हिएत लष्करी न्यायालयाने त्याला हेरगिरीच्या आरोपाखाली पंचवीस वर्षांची शिक्षा ठोठावली. त्यांपैकी आठ वर्षे त्याने बाउत्सेनच्या तुरुंगात काढली. एका रात्री तुरुंगाचे आवार ओलांडताना त्याला एक चमत्कारिक गुणगुण ऐकू आली. पहारेकऱ्याने सांगितले की, कोठड्यांतले कैदी एकमेकांना आपापल्या हकिकती सांगत आहेत. ती गुणगुण त्याच्या मनातून गेली नाही. सुटल्यावर ग्योटिंगेन येथे शिकत असताना एका मृत सैनिकाची पत्रे आणि फोटो रस्त्यावर विखुरलेले व लोक ते तुडवत चाललेले त्याने पाहिले. 1980च्या सुमारास त्याने वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन लोकांच्या घरातल्या रोजनिश्या, पत्रे, फोटो मागवायला सुरुवात केली. पोत्यांनी कागद आले. त्याचे घर म्हणजे एक दफ्तरखाना झाला. हा संग्रह आता बर्लिनच्या कला अकादमीत आहे.

त्यातून 'एकोलोट' हा ग्रंथ उभा राहिला. प्रतिध्वनीवरून समुद्राची खोली मोजण्याचे जे यंत्र, त्याचे हे नाव. पहिले चार खंड 1993 साली आले. ते अवघ्या दोन महिन्यांचे आहेत, जानेवारी आणि फेब्रुवारी 1943, म्हणजे स्टालिनग्राडच्या पराभवाचा काळ. 2005 पर्यंत एकूण दहा खंड झाले. या ग्रंथात लेखकाचे भाष्य नाही. एकेका तारखेखाली त्या दिवशी लिहिलेले कागद एकापुढे एक ठेवले आहेत. बर्फात अडकलेल्या शिपायाचे घरी पाठवलेले पत्र, एखाद्या गृहिणीची रोजनिशी, नाझी पुढाऱ्याची नोंद, परागंदा झालेल्या लेखकाचे टिपण, आणि ऑशविट्झच्या छावणीत त्या तारखेला किती माणसे आणली व किती मारली याची कोरडी नोंद.

यावर काही समीक्षकांनी हरकत घेतली. मारणारा आणि मरणारा यांना एकाच पानावर बसवले तर दोघे समान ठरतात, असे त्यांचे म्हणणे होते. ही हरकत सहज उडवून लावण्यासारखी नाही. पण ग्रंथ वाचणाऱ्याला उलटाच अनुभव येतो. कोणी आपल्या बागेबद्दल, चहापानाबद्दल, सर्दीपडशाबद्दल लिहितो आणि त्याच तारखेला छावणीत आगगाडी येते. दोन कागद शेजारी आले की त्यांच्यातले अंतर डोळ्यांत भरते. बागेबद्दल लिहिणारा माणूस खोटे लिहीत नाही. त्याला सर्दी झालीच होती. त्याची आठवण खरी आहे आणि तरीही अपुरी आहे. कितीही खरी असली तरी एकट्याची आठवण म्हणजे साक्ष नव्हे, हे दाखवण्यासाठी केम्पोव्स्कीने आयुष्य खर्चले.

त्याआधी त्याने दोन छोटी पुस्तके काढली होती. दोन्हींची नावे म्हणजे त्याने सामान्य लोकांना विचारलेले प्रश्न आहेत. 1973 सालचा प्रश्न, तुम्ही हिटलरला पाहिले होते का? 1979 सालचा प्रश्न, तुम्हांला त्याची माहिती होती का? 'त्याची' म्हणजे ज्यूंच्या छावण्यांची. पहिल्या प्रश्नाला माणूस हौसेने उत्तर देतो. दुसऱ्या प्रश्नाशी चाचरतो. आठवणी गोळा करणारे आमचे कार्यकर्ते पहिल्या प्रकारचे प्रश्न पुष्कळ विचारतात, दुसऱ्या प्रकारचा एकही नाही.

आठवण जपणे म्हणजे फक्त वेदना जपणे, असे मानणाऱ्यांनी आणखी एका पुस्तकाची कथा ऐकावी. 1945च्या एप्रिल ते जून या काळात बर्लिनमधल्या एका स्त्रीने रोजनिशी लिहिली. शहर सोव्हिएत फौजेच्या हाती पडत होते आणि तळघरांत लपलेल्या बायकांवर बलात्कार होत होते. 'बर्लिनमधील एक स्त्री' या नावाने, लेखिकेचे नाव न छापता, ती प्रथम 1954 साली अमेरिकेत इंग्रजीत निघाली आणि 1959 साली जर्मनमध्ये. जर्मन वाचकांनी काय केले? जर्मन स्त्रीच्या इभ्रतीला बट्टा लावला म्हणून तिच्यावरच चिडले. लेखिकेने जिवंतपणी पुन्हा छापू दिले नाही. तिच्या मृत्यूनंतर 2003 साली पुस्तक पुन्हा निघाले, तेव्हा ते घरोघरी वाचले गेले. शत्रूच्या हातून झालेला अत्याचारसुद्धा समाजाला ऐकायचा नव्हता, कारण तो ऐकताना आपल्या पुरुषांचा पराभव आणि आपला नेभळटपणा ऐकावा लागत होता. रोजनिशीच्या शेवटाकडे आघाडीवरून परतलेला तिचा मित्र ती वही वाचतो आणि निघून जातो. इज्जतीच्या नावाखाली बायकांची तोंडे बंद करणाऱ्या कोणत्याही समाजाने या प्रसंगात आपला चेहरा पाहून घ्यावा. आम्ही आमचा पाहिला.

बाँबफेकीचेही तसेच. जर्मन शहरांवर दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी आग ओतली, लाखो नागरिक मेले. 1997 साली झ्युरिकच्या व्याख्यानांत डब्ल्यू. जी. झेबाल्ड याने विचारले की एवढ्या संहाराची नोंद जर्मन साहित्याने का घेतली नाही? 1999 साली हे विचार पुस्तकरूपाने आले आणि मोठा वाद झाला. नोंदी होत्या, असे लोकांनी दाखवून दिले. हान्स एरिख नोसाकने 1943च्या हॅम्बर्गच्या विनाशावर लिहिलेले 1948 साली छापले होते. गेर्ट लेडिगची बाँबहल्ल्यावरची कादंबरी 1956 साली आली होती. तिला वाचकांनी झिडकारले आणि ती विस्मृतीत गेली. लेखकाने साक्ष दिली तरी ऐकणारा समाज नसेल तर ती नसल्यासारखीच राहते, हे या वादातून निघाले.

आणि जे कोणी ऐकत नाही, ते कोणाच्या हाती पडते? ग्युंटर ग्रासने 2002 साली 'खेकड्याची चाल' अशा अर्थाच्या नावाची लघुकादंबरी लिहिली. 30 जानेवारी 1945 रोजी निर्वासितांनी भरलेले 'विल्हेल्म गुस्टलोफ' हे जहाज सोव्हिएत पाणबुडीने बुडवले, हजारो माणसे, त्यांत असंख्य मुले, बर्फाळ समुद्रात गेली. शहाण्या लोकांनी हा विषय अडचणीचा म्हणून टाळला. ग्रासच्या कादंबरीत तो एका पोराच्या हाती लागतो आणि ते पोर इंटरनेटवर नव्या नाझींचा प्रचार करू लागते. दडपलेले दुःख धर्मांधांच्या आणि वंशांधांच्या गोदामात जमा होते. तेथून ते हत्यार होऊन बाहेर येते. पुढे 2006 साली याच ग्रासने आपण सतराव्या वर्षी वाफेन-एसएसमध्ये होतो हे स्वतःच सांगितले. साक्ष साठ वर्षे उशिरा आली. इतरांना आयुष्यभर जाब विचारणाऱ्याने एवढा उशीर करावा, याचा राग जर्मनांना आला आणि तो रास्त होता.

उव्हे टिमने 2003 साली आपल्या थोरल्या भावावर पुस्तक लिहिले. भाऊ आपणहून एसएसच्या तुकडीत भरती झालेला, 1943 साली युक्रेनमध्ये मेलेला. घरात तो आईबापांचा लाडका, शूर, आज्ञाधारक मुलगा. टिमने त्याची त्रोटक रोजनिशी हाती घेतली आणि विचारले की हा माझा भाऊ तिकडे कोणाला मारत होता? आई हयात असेपर्यंत त्याला हे लिहिता आले नाही. पुस्तकात भावावरचे प्रेम आहे आणि भावाविरुद्धचा पुरावाही आहे. समाजशास्त्रज्ञ हाराल्ड वेल्त्सर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2002 साली दाखवले होते की जर्मन घरांत नातवंडे आजोबांच्या हकिकतींतून नकळत नको ते गाळतात आणि आजोबांना वीर किंवा बळी करून टाकतात. टिमचे पुस्तक या घरगुती धुलाईला दिलेले उत्तर आहे.

येथे कोणी म्हणेल, हे सगळे परधर्मीयांचे, परदेशाचे कौतुक झाले. मग आम्ही आमच्याच किताबकडे वळतो. इन्साफसाठी साक्ष द्या, मग ती स्वतःच्या, आईबापांच्या, नातलगांच्या विरुद्ध गेली तरी द्या, असा हुकूम सूरह निसामध्ये आहे. आम्ही तो वाचतो, मुलांना पाठ करून देतो आणि आईबापांच्या हकिकती लिहिताना विसरतो.

मराठवाड्यातल्या आमच्या घरांत 1948च्या पोलीस ॲक्शनची आठवण दार लावून सांगितली जाते. पंडित सुंदरलाल समितीने त्या काळात आणि त्यानंतर किमान 27 ते 40 हजार माणसे मेली असा अंदाज दिला. उस्मानाबाद (आता धाराशिव) आणि नांदेड हे सर्वाधिक पोळलेल्या जिल्ह्यांपैकी होते. हा अहवाल अभ्यासकांना मोकळेपणी पाहायला 2013 साल उजाडावे लागले. दरवर्षी 17 सप्टेंबरला मुक्तिदिनाचे झेंडे लागतात, त्या समारंभात या मृतांना जागा नसते. याबद्दल आमची तक्रार आहे आणि ती आम्ही सोडणार नाही. पण त्याच अहवालात रझाकारांच्या जुलमांचाही उल्लेख आहे. आमच्या घरातल्या हकिकती बहुधा सप्टेंबरपासून सुरू होतात. त्याआधीच्या महिन्यांत कोणत्या गावात काय घडले, कोणाचा चुलता कोणत्या जथ्यात होता, हे पान कोरे राहते. सरकारने एक पान कोरे ठेवले, आम्ही दुसरे. दोन्ही कोरी पाने सारखीच मोठी आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु आपले पान भरल्याशिवाय दुसऱ्याचे भरून मागण्याचा हक्क मजबूत होत नाही.

त्या वर्षी जो दहा वर्षांचा होता तो आज नव्वदीला टेकला आहे. स्मारके, ठराव, परिसंवाद मागाहून करता येतील. आमच्या तरुण लेखकांनी आधी वह्या घेऊन बुजुर्गांपुढे बसावे. आपल्या मोहल्ल्यातल्या बुजुर्गांपुढे बसावे आणि गावातल्या हिंदू, दलित बुजुर्गांपुढेही. गाव, तारीख, नाव लिहून घ्यावे. आजीचे बोलणे आजीच्या बोलीत उतरवावे, त्याला अलंकार चढवू नयेत. एका गावच्या दोन हकिकती जुळत नसतील तर दोन्ही छापाव्यात. आणि प्रश्न दोन विचारावेत. तुम्ही काय सोसले? आणि तुम्हांला काय माहीत होते? पहिल्याचे उत्तर मिळाल्यावर वही मिटून उठणारा माणूस मर्सिया लिहील, साहित्य लिहिणार नाही.