अ‍ॅमेझॉनचा क्लाऊड बसला आणि कॉलेजचा अभ्यास थांबला. ऑनलाइन वर्ग नेमका कुणाच्या कम्प्युटरवर भरतो?

२० ऑक्टोबर २०२५, सोमवार. आपल्याकडे नरक चतुर्दशी होती. दुपारी सव्वाबाराच्या सुमारास स्नॅपचॅट अडकलं, ड्युओलिंगो अडकलं, काही गेम्स उघडेनात. फराळ सुरू असल्याने असेल, पण अनेकांनी 'नेट गेलं असेल' म्हणून फोन बाजूला ठेवला. नेट नीट होतं. बिघाड झाला होता अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेस म्हणजेच एडब्ल्यूएसच्या क्लाऊडमध्ये.

तिकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. सकाळी अमेरिकेतले विद्यार्थी उठले आणि त्यांना कळलं की कॅनव्हास बंद आहे. कॅनव्हास हे तिथल्या कॉलेजांमध्ये सगळ्यात जास्त वापरलं जाणारं सॉफ्टवेअर. नोट्स त्यावर, असाइनमेंट त्यावर, क्विझ त्यावर, मार्कही त्यावरच. ऑक्टोबर म्हणजे तिथे सहामाहीच्या मधल्या परीक्षांचा काळ. वर्गात शिक्षक होते, बाकं होती, पण ज्यावर बोट ठेवून शिकवायचं ते सगळं दुसरीकडेच अडकलेलं. अनेक ठिकाणी असाइनमेंटच्या मुदती पुढे ढकलाव्या लागल्या.

आता प्रश्न पडतो की कॉलेज एका राज्यात, सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी दुसऱ्या राज्यात आणि बिघाड तिसऱ्याच राज्यात. मग वर्ग बंद का पडला?

आधी हे एलएमएस काय असतं ते बघू

ऑनलाइन शिक्षण म्हटलं की लॉकडाऊनमधला झूमचा तास आठवतो. पण व्हिडिओ कॉल हा त्यातला वरवरचा भाग. खरं काम करतं ते लर्निंग मॅनेजमेंट सिस्टिम, थोडक्यात एलएमएस. न्यूज वेबसाइटवर बातम्या टाकायला, बदलायला, काढायला जसं एक सॉफ्टवेअर मागे असतं, तसंच हे. फरक इतकाच की इथे बातम्यांच्या जागी धडे असतात आणि वाचणारा कोण, त्याने काय उघडलं, किती वाजता असाइनमेंट जमा केली, किती मार्क पडले याची नोंद राहते. म्हणजे फळा, हजेरीपट, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आणि मार्कांचं रजिस्टर, सगळं एकाच कपाटात.

आपल्याकडे जास्त ऐकू येणारं नाव म्हणजे मूडल. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातल्या मार्टिन डुगियामास यांनी ते बनवलं आणि २००२ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. ते ओपन सोर्स आहे, म्हणजे कुणीही फुकट घ्यावं, स्वतःच्या सर्व्हरवर टाकावं, हवे ते बदल करावेत. आयआयटी मुंबईसुद्धा मूडलच वापरते.

कॅनव्हासचा कोडही ओपन सोर्स आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं. तरी बहुतेक कॉलेजं ते स्वतः चालवत नाहीत. इन्स्ट्रक्चर नावाच्या कंपनीला वर्षाचे पैसे देतात आणि कंपनी ते एडब्ल्यूएसवर चालवून देते.

मग स्वतःचा सर्व्हर का नाही?

कारण हिशोब सोपा आहे. घरच्या लग्नासाठी कुणी पाचशे खुर्च्या विकत घेत नाही, मंडपवाल्याकडून आणतं. कॉलेजचंही तसंच. वर्षातले बरेच दिवस एलएमएसवर तुरळक गर्दी असते आणि असाइनमेंटच्या शेवटच्या रात्री अकरा ते बाराच्या मध्ये सगळं कॉलेज तुटून पडतं. त्या एका तासासाठी मोठे सर्व्हर घ्यायचे, त्यांना एसी, जनरेटर, माणूस ठेवायचा, हे छोट्या संस्थेला परवडत नाही. क्लाऊडवर गर्दी वाढली की मशीन वाढतात, ओसरली की कमी होतात, बिल वापराप्रमाणे.

यात चुकीचं काहीच नाही. अडचण एवढीच की सगळ्या गावाने एकाच मंडपवाल्याला सांगून ठेवलेलं असतं.

त्या दिवशी बिघडलं काय?

एडब्ल्यूएसचा व्हर्जिनियातला विभाग हा त्यांच्या सर्वात जुन्या आणि गजबजलेल्या विभागांपैकी एक. तिथे डायनॅमोडीबी नावाचा डेटाबेस आहे, ज्यावर एडब्ल्यूएसच्याच इतर अनेक सेवा अवलंबून आहेत. त्याच्यापर्यंत पोहोचायचं तर आधी पत्ता लागतो आणि तो देते डीएनएस. डीएनएस म्हणजे इंटरनेटची फोन डिरेक्टरी.

ही डिरेक्टरी सतत अपडेट करायला एडब्ल्यूएसने आपोआप चालणारे प्रोग्रॅम ठेवले होते. कंपनीने नंतर दिलेल्या माहितीनुसार त्यातला एक रेंगाळला. तो जुनी यादी घेऊन उशिरा पोहोचला आणि त्याने नव्या यादीवर जुनी चढवली. तेवढ्यात दुसऱ्या प्रोग्रॅमने 'ही जुनी यादी आता नको' म्हणून ती पुसून टाकली. निकाल असा की डायनॅमोडीबीच्या नावापुढे पत्ताच उरला नाही. डेटाबेस शाबूत, पण घराची पाटीच गायब.

डीएनएसचा घोळ अडीच-तीन तासांत निस्तरला. पण तोवर त्याच्यावर अवलंबून असलेल्या सेवांची रांग लागली होती आणि सगळं पूर्ववत व्हायला एकूण पंधरा तास गेले. भारतात मंगळवारची पहाट झाली होती.

क्लाऊड कंपन्या एक गोष्ट नेहमी सांगतात की एक इमारत बंद पडली तरी शेजारची चालू राहते. ते खरंही आहे. मात्र इथे इमारत पडलीच नव्हती, सगळ्या इमारतींची सामाईक डिरेक्टरी कोरी झाली होती. अशा वेळी उपयोग होतो तो दुसऱ्या प्रदेशात तयार ठेवलेल्या जोडीदाराचा, आणि त्याचा खर्च वेगळा असतो. तो खर्च कुणी केला आहे आणि कुणी नाही, हे कॉलेजांना बिघाड झाल्यावरच कळतं. त्यातही क्लाऊड कंपन्यांच्या करारात भरपाई म्हणून साधारणपणे बिलात सूट मिळते. हुकलेल्या परीक्षेची भरपाई त्यात नसते.

आपल्याकडचं काय?

महाराष्ट्रातल्या पालकांना दीक्षा अ‍ॅप माहीत आहे. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की जे उघडतं ते हेच. केंद्राने २०१७ मध्ये ते सुरू केलं, सनबर्ड नावाच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर ते उभं आहे. म्हणजे कोड आपला, धडे आपले. पण ठेवायचे कुठे? आधी मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअर क्लाऊडवर. मग २०२३ मध्ये ओरॅकलने जाहीर केलं की सात वर्षांसाठी दीक्षा त्यांच्या क्लाऊडवर जाणार.

मधल्या काळात जे झालं ते जास्त गंभीर. जानेवारी २०२३ मध्ये वायर्ड मासिकाने बातमी दिली की दीक्षाचा डेटा असलेला क्लाऊडवरचा एक सर्व्हर वर्षाहून अधिक काळ कुलूप न लावता उघडा होता. त्यात दहा लाखांहून जास्त शिक्षकांची नावं, फोन नंबर, ईमेल आणि जवळपास सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती होती. इथे क्लाऊड बंद पडला नव्हता, कुणी भिंतही फोडली नव्हती. भाड्याच्या खोलीला कुलूप लावणं भाडेकरूचं काम असतं आणि ते झालं नव्हतं.

भाडं थकलं तर काय होतं, तेही दिसलं आहे. मे २०२५ मध्ये बायजूजचं लर्निंग अ‍ॅप प्ले स्टोअरवरून दिसेनासं झालं. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अडकलेल्या कंपनीने एडब्ल्यूएसचे पैसे न दिल्यामुळे हे झालं, असं बातम्यांत आलं. पालकांनी फी तर आधीच भरलेली होती.

आणि फुकटचं? गुगलने शाळा-कॉलेजांना दिलेली अमर्याद साठवण फेब्रुवारी २०२१ मध्ये गुंडाळायचं जाहीर केलं. जुन्या संस्थांना जुलै २०२२ पासून सगळ्यांत मिळून १०० टेराबाइटची मर्यादा आली. छोट्या शाळेला ती पुरून उरते. पण लॉकडाऊनमधले सगळे तास रेकॉर्ड करून ठेवलेल्या मोठ्या विद्यापीठांना कुणाचं काय डिलीट करायचं याच्या बैठका घ्याव्या लागल्या.

मग सगळं कॉलेजच्याच तळघरात आणायचं का?

तेही उत्तर नाही. तळघरात पाणी शिरतं, सर्व्हर सांभाळणारा माणूस नोकरी सोडून जातो, बॅकअप कुणीच घेतलेला नसतो. मोठ्या क्लाऊड कंपनीइतकी सुरक्षा एखाद्या तालुक्याच्या कॉलेजला जमणं अवघड आहे. तसंही २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका घाईने ऑनस्क्रीन तपासायला घेतल्या, निकाल रखडले आणि शेवटी कुलगुरूंना पद गमवावं लागलं. तिथे प्रश्न सर्व्हर कुणाचा हा नव्हता, तयारीचा होता.

मधला रस्ता बराच साधा आहे आणि त्याला फार पैसेही लागत नाहीत. मूडलमध्ये अख्ख्या कोर्सचा बॅकअप एका फाइलमध्ये काढता येतो आणि दुसऱ्या सर्व्हरवरच्या मूडलमध्ये तो पुन्हा उभा करता येतो. गुगलमध्ये टेकआऊटची सोय आहे. सेमिस्टरच्या प्रत्येक महिन्याला अशी प्रत काढून वेगळ्या जागी ठेवणं, विद्यार्थ्यांचे ईमेल एलएमएसच्या बाहेरही असणं, परीक्षेच्या दिवशी सिस्टिम पडली तर काय हे आधी लिहून ठेवणं. कॅनव्हास बंद पडलं त्या दिवशी ज्या शिक्षकाकडे विद्यार्थ्यांची यादी वेगळी होती, तो निदान 'उद्या द्या' एवढं तरी कळवू शकत होता.

कायदाही आता या बाजूने सरकतोय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या दीड वर्षाने, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. डेटा दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर ठेवला असला तरी तो कशासाठी आणि कसा वापरायचा हे ठरवणाऱ्या संस्थेवरच उत्तर देण्याची जबाबदारी राहील. सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी नियम आणखी कडक आहेत. पुढच्या वर्षीच्या प्रवेशाचे फॉर्म छापताना शाळांना ते वाचावे लागतील.