अकराव्या वचनाआधीचं दहावं

कुणाची नोकरी लटकली की तुम्ही व्हॉट्सॲपवर यिर्मया २९:११ पाठवता. देवाच्या मनात तुमचं भलंच आहे, हे सांगणारं वचन. मन चांगलं असतं, मान्य. पण त्याच्या आधीचं दहावं वचन वाचलंत? तिथे ७० वर्षं म्हटलंय. म्हणजे ज्यांना हे पत्र गेलं, त्यांतले बहुतेक जण बाबेलमध्येच मरणार होते.

दोन वर्षांत सगळे परत येतील म्हणणाराही एक होता. हनन्या, आदल्याच अध्यायातला. तो खोटा ठरला.

माझ्या प्रोफेसरांनी 'पुढच्या वर्षी कायम करू' असं तीनदा म्हटलं. मी तिन्ही वेळा विश्वास ठेवला आणि शब्द मोडल्यावर जाब विचारला तो देवाला! वास्तविक नोकरी देवाने कबूल केलीच नव्हती. प्रोफेसरांनी केली होती, आणि त्यांना विचारायला मी घाबरत होते.

त्याच पत्रात घरं बांधा, बागा लावा, ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असंही आहे. आपण मात्र वीस-वीस वर्षं इथे राहून बॅगा भरलेल्याच ठेवतो. पुढच्या वेळी पाठवायचंच असेल, तर चौथ्या वचनापासून पाठवा.