गादीबाहेरची शाळा

व्यापारी हा मूळचा प्रवासी. डिचोली तालुक्यातील कुडणे येथे जुन्या जैन मंदिराचे जे अवशेष आहेत, ते पाहिले म्हणजे आपला समाज या भूमीत किती पूर्वीपासून वावरत आला आहे हे ध्यानी येते. पुढेही आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे घाट उतरून येथे आले, परक्या बाजारात पत मिळवून स्थिरावले. त्याच घराण्यांत आज मुलाने दहा दिवसांच्या विद्यार्थी-शिबिरास जाण्याची परवानगी मागितली, की घर चिंतेत पडते. ही विसंगती आमच्या मनाला टोचते, म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने चार शब्द लिहीत आहोत.

गोव्याच्या मुक्तीपूर्वी पेडणे व डिचोली या महालांतील मुलांस पदवीचे शिक्षण हवे असेल तर बेळगाव, पुणे, मुंबई गाठावी लागे. घर सोडणे हा तेव्हा हौसेचा भाग नव्हता, गरजेचा होता. १९६२ साली पणजी व मडगाव येथे महाविद्यालये निघाली. आज तर पेडण्याच्या मुलास विर्नोड्यास आणि डिचोलीच्या मुलास साखळीस महाविद्यालय आहे. ही सोय झाली हे उत्तमच झाले. परंतु तिच्याबरोबर एक गोष्ट नकळत हातची गेली. परगावी राहून, परक्यांत मिसळून जे शहाणपण आपसूक येत असे, ते आता येईनासे झाले. पूर्वी परिस्थितीने जे शिकविले, ते आता योजनापूर्वक शिकवावे लागणार आहे.

त्याची साधने हाताशी आहेत. राष्ट्रीय छात्रसेना १९४८ पासून आणि राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून देशात चालू आहे. सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर असते. छात्रसेनेत गोवा व कर्नाटक यांचे संचालनालय एकच असल्याने आपल्या मुलांस घाटावरील मुलांबरोबर एका तंबूत राहण्याची संधी मिळते. निवडक छात्रांस तर प्रजासत्ताक दिनाच्या शिबिरासाठी सुमारे महिनाभर दिल्लीस राहता येते.

अशा शिबिरात काय घडते? आमच्या परिचयातील डिचोलीच्या एका किराणा व्यापाऱ्याच्या मुलाची हकिकत सांगतो. शिबिरात त्याच्याकडे कोठीची व्यवस्था आली. दुकानदाराचा मुलगा, तेव्हा धान्याचे त्यालाच कळणार, असा सर्वांचा समज. पण पोती मोजणारा हा मुलगा साठ जणांच्या एका जेवणास किती तांदूळ लागतो हे सांगू शकेना. दुसऱ्या दिवशी भात कमी पडला. पहाऱ्यावरून उशिरा आलेली चार मुले उपाशी राहिली आणि याचे स्वतःचे जेवण मात्र पहिल्या पंगतीत होऊन गेले होते. कोणी त्याला रागावले नाही, पण संध्याकाळी त्याच्या शब्दावर पाणी भरावयास एकही जण उठला नाही. दुकानात त्याच्या एका हाकेसरशी हमाल धावत. येथे हाकेमागे पगार नव्हता, वडिलांचे नाव नव्हते. तिसऱ्या दिवसापासून तो सर्वांच्या शेवटी जेवू लागला, आणि मग त्याला कोणास दोनदा सांगावे लागले नाही. घरी परतल्यावर त्याने नेतृत्वाविषयी भाषण केले नाही. दुपारी जेवावयास उठण्यापूर्वी मात्र तो हमालांस, ‘तुमचे झाले का?’ असे विचारू लागला. एवढ्या एका प्रश्नाची किंमत ज्याने माणसे सांभाळली आहेत त्यालाच कळेल.

पूर्वसुरींकडे पाहिले तरी हेच दिसते. पेडण्यातील केरी गावचे जिवबादादा केरकर घर सोडून शिंद्यांच्या सैन्यात गेले आणि १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचे सेनानी म्हणून उभे राहिले. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव पाटील शिक्षणासाठी कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिले. शालेय परीक्षांत ते चमकले नाहीत, वसतिगृहाच्या सोवळ्याओवळ्याशीही त्यांचे जमले नाही. पुढे कारखान्यांचा माल विकत त्यांनी गावोगाव पायपीट केली. याच गृहस्थाने १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांस एका पंगतीत बसविणारे वसतिगृह काढले. हे धाडस गावातल्या ओसरीवर बसून आले नसते, असे आम्हांस वाटते.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आहाराचा. कंदमुळे वर्ज्य आणि सूर्यास्तापूर्वी भोजन, हा नियम शिबिरात कसा पाळावा? ही अडचण खरी आहे, तिची थट्टा होऊ नये. परंतु आयोजकांस आधी पत्र लिहिणे, सोबत कोरडा फराळ देणे आणि आपला नियम चारचौघांत नम्रतेने सांगण्यास मुलास शिकविणे हा तिच्यावरचा मार्ग आहे. जो नियम आईच्या देखरेखीवाचून टिकत नाही तो मुलाचा झालाच नाही. दुसरा आक्षेप मुलींविषयी. त्यांच्या सुरक्षिततेची चौकशी कसोशीने अवश्य करावी, पण चौकशी हे नकाराचे दुसरे नाव होऊ नये. तिसरा आक्षेप असा की, अशा कार्यक्रमांत छायाचित्रे आणि प्रमाणपत्रे यांपलीकडे काही नसते. काहींच्या बाबतीत हे खरे आहे. म्हणून शुल्क व जाहिरात पाहण्यापूर्वी एवढेच विचारावे : तेथे मुलाला स्वतःचे ताट स्वतः धुवावे लागते काय?

हा विचार आजच निकडीचा का? २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या, तेव्हा डिचोलीच्या बाजारावर काय ओढवले हे आपण भोगले आहे. ट्रक उभे राहिले, उधारीची खाती तशीच पडून राहिली. तिकडे पेडण्यात मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत प्रवाशांसाठी खुला झाला आणि ज्या रस्त्यांवर ओळखीचीच गिऱ्हाइके येत तेथे अनोळखी माणसांची वर्दळ सुरू झाली. एका ठिकाणी जुना आधार सुटला, दुसऱ्या ठिकाणी नवी स्पर्धा आली. दोन्ही ठिकाणी वडिलांच्या ओळखीवर चालणारा धंदा मुलास पुरणार नाही. अनोळख्याचा विश्वास संपादन करणे हेच त्याचे भांडवल राहणार आहे.

शेवटी वडीलधाऱ्यांस एक विनंती. मुलगा वा मुलगी शिबिरास गेल्यावर रोज दूरध्वनी करून जेवलास का हे विचारू नका. आणि परत आल्यावर त्यांना पुन्हा गल्ल्याशेजारी मुकाट बसवू नका. एखादे खाते, एखादी खरेदी, एखादा अडलेला व्यवहार त्यांच्या हाती संपूर्ण सोपवा. थोडे नुकसान झाले तर ते शिक्षणाच्या खाती लिहा. शिबिर मुलास जबाबदारीची चव लावते, पण तिची सवय घरानेच लावावयाची असते. ज्या घरी परतलेल्या मुलास काहीच निर्णय घेता येत नाही, त्या घरचा मुलगा पुढच्या वेळी बाहेर पडला की परत येत नाही. मुले दूर जातील या भीतीने आपण त्यांस जवळ बांधतो. आमचा अनुभव असा की, बांधलेलीच मुले अधिक दूर जातात.