तंबोऱ्याची घोडी

आजोबांच्या तंबोऱ्याची घोडी झिजली, म्हणजे रिसोडसारख्या दूरच्या गावी चकचकीत नवी घोडी मागविण्याचा मोह पडतो. पालकहो, तो आवरावा! २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभलेल्या मिरजेच्या तंबोऱ्यासही परकी घोडी मानवत नाही. तिचा तळ तबलीवर सर्वत्र टेकला पाहिजे. उंची व तारांमधील अंतर जुन्याप्रमाणेच हवे. मग माथ्याचा सूक्ष्म उतार घासून जवारी काढावी. हाडाची की शिसवीची, हा प्रश्न त्यानंतरचा. विजेच्या बास गिटारची पितळी घोडी निवडतांनाही जुनी छिद्रे जुळतात की नाही, हे आधी पाहावे. विद्यार्थ्यांनो, जुनी घोडी फेकू नका; नमुना म्हणून तीच कारागिरास दाखवा. मोल अधिक दिल्याने स्वर गोड होत नाही, जुळणीने होतो.