विश्लेषण : जुन्या पेन्शनचे खरे बिल २०३३ नंतर, मग भांडण आत्ताच का?

आठवा केंद्रीय वेतन आयोग स्थापन झाल्यापासून सरकारी कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नव्या पगाराचे तक्ते फिरू लागले आहेत. त्याच ग्रुपवर 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणाही अधूनमधून वर येते. दुसऱ्या बाजूला राज्यावरचे कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे गेल्याची बातमी आली, की 'सरकारी नोकरांच्या पेन्शनसाठी आम्ही कर का भरायचा?' असा प्रश्न कमेंटमध्ये हमखास दिसतो. दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम आहेत. पण पैसा किती लागणार यापेक्षा तो कधी लागणार, हा प्रश्न या वादात मोठा आहे आणि त्याची चर्चा सर्वात कमी होते.

जुनी आणि नवी पेन्शन यात फरक काय?

महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ ही तारीख सरकारी नोकरीची विभागणी करते. त्याआधी रुजू झालेल्यांना जुनी योजना लागू आहे. शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम पेन्शन म्हणून मिळते, त्यावर महागाई भत्ता मिळतो आणि नवा वेतन आयोग लागला की पेन्शनही सुधारते. यासाठी नोकरीत असताना पगारातून काही कापले जात नाही. सरकारही त्यासाठी वेगळा निधी बाजूला ठेवत नाही. त्या-त्या वर्षीच्या महसुलातून त्या-त्या वर्षीची पेन्शन भागवली जाते.

त्या तारखेनंतर आलेल्यांसाठी अंशदायी योजना आली, तीच पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत म्हणजे 'एनपीएस'मध्ये गेली. यात मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के रक्कम कर्मचाऱ्याची, १४ टक्के सरकारची. हा पैसा बाजारात गुंतवला जातो. निवृत्तीला त्यातली ६० टक्क्यांपर्यंत रक्कम हातात मिळते आणि किमान ४० टक्क्यांतून विमा कंपनीकडून दरमहा पेन्शन विकत घ्यावी लागते.

एक ढोबळ हिशोब करून पाहू. निवृत्तीच्या वेळी मूळ वेतन ६० हजार आणि महागाई भत्ता ५० टक्के धरला, तर जुन्या योजनेत दरमहा ४५ हजार रुपये मिळतील. नव्या योजनेत त्याच माणसाच्या खात्यात ६० लाख जमले असे समजू. त्यातल्या २४ लाखांवर ६ टक्के दराने महिना १२ हजार पेन्शन. हातात आलेले ३६ लाख न खर्चता त्याच दराने ठेवले, तर आणखी १८ हजार. म्हणजे एकूण ३० हजार. मुद्दल शाबूत राहते हे खरे, पण हे ३० हजार महागाईबरोबर वाढत नाहीत. जुन्या योजनेतले ४५ हजार वाढतात. निवृत्तीनंतर वीस वर्षे जगणाऱ्या माणसासाठी हाच फरक मोठा. थोडक्यात, बाजार पडला किंवा महागाई वाढली तर तो फटका सरकारने सोसायचा की कर्मचाऱ्याने, यावर हा वाद आहे.

तिजोरीची काळजी करणाऱ्यांचे म्हणणे काय?

२०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात महसुली जमा ५ लाख ६१ हजार कोटींच्या आसपास धरली होती. त्यातले सुमारे १ लाख ७३ हजार कोटी पगाराला, ७५ हजार कोटी पेन्शनला आणि ६५ हजार कोटींच्या जवळपास व्याजाला. म्हणजे तिजोरीत येणाऱ्या प्रत्येक १०० रुपयांतले जवळपास ५६ रुपये रस्ता, धरण किंवा शाळेची खोली यांचा विचार सुरू होण्याआधीच संपतात. महसुली तूट ४५,८९१ कोटी आणि एकूण कर्जाचा अंदाज ९ लाख ३२ हजार कोटी.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ९ लाख ३२ हजार कोटी हा आकडा डोळे फिरवणारा असला, तरी राज्याच्या सकल उत्पन्नाशी तुलना केली तर तो १९ टक्क्यांच्या आत आहे. त्यामुळे 'महाराष्ट्र दिवाळखोरीत' हे मथळे अतिशयोक्तच. चिंता महसुली तुटीची आहे. रोजचा खर्च भागवण्यासाठी कर्ज काढावे लागते, हा तिचा अर्थ.

याच आधारावर उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री असताना देवेंद्र फडणवीस यांनी डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात जुनी पेन्शन देणार नाही असे सांगितले होते. १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल, हे त्यांचे कारण. २००५ चा निर्णय विलासराव देशमुख यांच्या काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारचा होता, आणि फडणवीसांनी त्या निर्णयाची स्तुतीही केली. त्याच सुमारास काँग्रेसच्या राजस्थान, छत्तीसगड आणि हिमाचलमधल्या सरकारांनी मात्र जुन्या पेन्शनकडे परत जाण्याचा मार्ग धरला होता. या प्रश्नावर पक्षाची भूमिका बहुधा तो पक्ष सत्तेत आहे की विरोधात यावर ठरते.

टीका केवळ भाजपकडून झाली असेही नाही. मनमोहन सिंग यांच्या काळात नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष असलेले माँटेकसिंग अहलुवालिया यांनी जुनी पेन्शन परत आणणे हा दिवाळखोरीचा मार्ग असल्याचे जाहीरपणे सांगितले. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या मासिक पत्रिकेतील अभ्यासानुसार, सगळी राज्ये मागे वळली तर एकत्रित बोजा एनपीएसच्या तुलनेत साडेचार पटींपर्यंत जाऊ शकतो आणि २०६० पर्यंत दरवर्षीचा जादा भार देशाच्या सकल उत्पन्नाच्या ०.९ टक्क्यांवर पोहोचू शकतो.

मग पैसा नेमका कधी लागतो?

समजा राज्याने उद्या जुनी पेन्शन पूर्णपणे लागू केली. परवापासून तिजोरीवर ताण येईल का? उलट होईल. सरकारला दरमहा भरावा लागणारा १४ टक्के हिस्सा थांबेल, म्हणजे आज पैसे वाचतील. कारण २००५ नंतर लागलेले बहुतेक कर्मचारी अजून नोकरीतच आहेत. राज्यात बहुतेकांचे निवृत्तीचे वय ५८. २००५ च्या शेवटी तिशीत रुजू झालेला माणूस २०३३ च्या सुमारास निवृत्त होईल, पंचविशीत आलेला २०३८ ला. खरे बिल तेव्हा सुरू होईल आणि पुढे काही दशके वाढत जाईल.

निवडणूक पाच वर्षांनी येते. आज घोषणा करणाऱ्याला टाळ्या आणि वाचलेले पैसे दोन्ही मिळतात, बिल मात्र त्यानंतरच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या सरकारकडे जाते. अशी बचत अल्पजीवी असते आणि मागे निधी नसलेली देणी साचत जातात, हा इशारा रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२३ च्या राज्यांच्या वित्तीय अहवालातच दिला होता. हिमाचलमध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये पगार ५ तारखेला आणि पेन्शन १० तारखेला देण्याची वेळ आली, तेव्हा अनेकांनी खापर जुन्या पेन्शनवर फोडले. ते घाईचे होते. वरच्या हिशोबानुसार त्या निर्णयाचे मोठे बिल अजून आलेलेच नव्हते. ती अडचण आधीच्या कर्जाची आणि पगार-पेन्शनच्या जुन्या ओझ्याची होती.

संघटनांची ताकद हा वेगळा मुद्दा का मानला जातो?

खासगी कारखान्यात संघटना मालकाशी भांडते. मागणी परवडली नाही तर कारखाना बंद पडण्याची भीती दोघांनाही असते. सरकारी नोकरीत मालकाच्या खुर्चीत राजकारणी असतो. तो देतो तो पैसा त्याचा नसतो, आणि समोरचा माणूस त्याचा मतदारही असतो. वित्तीय शिस्तीचा आग्रह धरणाऱ्यांचा हा आक्षेप जगभर जुना आहे. अमेरिकेत कामगारांचा कैवारी मानले गेलेले राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीही १९३७ मध्ये सरकारी सेवेत सामूहिक सौदेबाजी जशीच्या तशी आणता येत नाही असे लिहिले होते. तिथल्याच विस्कॉन्सिन राज्याने २०११ मध्ये कायदा करून बहुतेक सरकारी संघटनांचा सौदेबाजीचा अधिकार केवळ मूळ वेतनापुरता ठेवला.

महाराष्ट्रात संघटना मुळातच बळकट आहेत. केंद्राप्रमाणे महागाई भत्त्यासाठी र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली १९७७-७८ मध्ये झालेला ५४ दिवसांचा संप आजही कार्यालयांत सांगितला जातो. १४ मार्च २०२३ रोजी सुरू झालेल्या संपात संघटनांच्या सांगण्यानुसार १७ लाखांहून अधिक कर्मचारी होते. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, कायदेशीर किंवा नैतिक अधिकार नसल्याचे म्हटले आहे, शिवाय संप सुरू होताच विधानसभेने अत्यावश्यक सेवांच्या कायद्याचे विधेयक मंजूर केले. तरीही सात दिवस सरकारी दवाखाने, शाळा, तहसील कचेऱ्या ठप्प होत्या. त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. पंचनामे करणारे तलाठी संपावर, आणि शेतकरी आडवा झालेला गहू बघत बसलेला. ज्याचा या भांडणाशी संबंध नाही तोच आधी भरडला जातो, या तक्रारीला तो आठवडा पुरावा ठरला.

मतांचा हिशोबही त्याच वर्षी दिसला. फेब्रुवारी २०२३ मध्ये विधान परिषदेच्या नागपूर शिक्षक मतदारसंघात भाजपचा पाठिंबा असलेले नागो गाणार पराभूत झाले. प्रचारात जुनी पेन्शन हा मोठा मुद्दा होता. डिसेंबरमधला ठाम नकार तोपर्यंत 'आम्ही नकारात्मक नाही' इथवर आला होता.

कर्मचाऱ्यांचा राग मग चुकीचा का?

अजिबात नाही. सुरुवातीची अनेक वर्षे राज्याच्या अंशदायी योजनेचा कारभार गचाळ होता. विशेषतः जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना आपल्या पगारातून कापलेल्या पैशांचा हिशोब मिळवण्यासाठी हेलपाटे घालावे लागले. नोकरीत असताना मृत्यू झाला तर नव्या योजनेतल्या कुटुंबाला जुन्यासारखी कुटुंब पेन्शन मिळत नव्हती. ती देण्याचा शासन निर्णय ३१ मार्च २०२३ ला निघाला, म्हणजे संप मिटल्यावर अकरा दिवसांनी. संघटनांच्या जोरावर टीका करणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. आणि एकच टर्म आमदार राहिलेल्यालाही दरमहा ५० हजारांची पेन्शन मिळते, हे कोणत्याही मोर्चात हमखास ऐकू येणारे वाक्य खोडून काढणे कोणत्याही अर्थमंत्र्याला जमलेले नाही.

'पैसे नाहीत' हे कारणही कर्मचाऱ्यांना पटत नाही. लाडक्या बहिणींना महिना दीड हजार देण्यासाठी २०२५-२६ मध्ये ३६ हजार कोटींची तरतूद झाली. ती योजना चांगली की वाईट हा वेगळा विषय. पण तिजोरीचे दार एका रांगेसाठी उघडे आणि दुसऱ्या रांगेसाठी बंद असेल, तर काटकसरीचे भाषण कोण ऐकणार?

सरकारने काय तोडगा काढला?

संप मागे घेताना सुबोधकुमार, के. पी. बक्षी आणि सुधीरकुमार श्रीवास्तव या निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली गेली. मार्च २०२४ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सुधारित योजना जाहीर केली. त्यात शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के पेन्शन अधिक महागाई वाढ, आणि त्याच्या ६० टक्के कुटुंब पेन्शन. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत पेन्शन योजना मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी ती स्वीकारणारे महाराष्ट्र पहिले राज्य ठरले. विधानसभा निवडणूक तेव्हा तीन महिन्यांवर होती.

केंद्राच्या योजनेत कर्मचाऱ्याचे १० टक्के आणि सरकारचे १८.५ टक्के. २५ वर्षे सेवा झाली तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन. म्हणजे बाजाराची जोखीम पुन्हा सरकारकडे आली, पण या वेळी मागे निधी आहे. तिजोरीच्या दृष्टीने हा जुन्या योजनेपेक्षा बरा सौदा, कारण आजचे सरकार आजच पैसे बाजूला ठेवते. संघटनांना मात्र तो अपुरा वाटतो. पगारातून कपात होतेच, आणि नव्या वेतन आयोगाबरोबर पेन्शन सुधारत नाही, फक्त महागाई भत्ता वाढतो. केंद्रातही प्रतिसाद थंड राहिला. पर्याय निवडण्याची ३० जून २०२५ ची मुदत आधी ३० सप्टेंबर आणि मग ३० नोव्हेंबरपर्यंत वाढवावी लागली.

या वाटाघाटीत कोण नव्हते?

पुण्यातल्या अभ्यासिकेत चौथ्या-पाचव्या प्रयत्नाची तयारी करणारा उमेदवार. कायम कर्मचारी महाग होत गेला, की सरकार कायम भरतीच कमी करते. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय निघाला होता. विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर तो ऑक्टोबरमध्ये रद्द झाला, पण कार्यालयांतली कंत्राटी माणसे कमी झालेली नाहीत. शेजारच्या टेबलावर तेच काम करणाऱ्या या माणसाला पेन्शन नाही, आणि त्याची मोठी संघटनाही नाही.

आता पुढे काय?

निवृत्त न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखालील आठव्या वेतन आयोगाला अहवालासाठी १८ महिने मिळाले आहेत. केंद्रानंतर राज्यावर दबाव येईल. मूळ वेतन वाढले की जुन्या योजनेतल्या निवृत्तांची पेन्शन वाढेल आणि नव्या योजनेतला सरकारचा हिस्साही. सातव्या आयोगाच्या वेळी राज्याने १ जानेवारी २०१६ पासूनचा लाभ प्रत्यक्षात २०१९ मध्ये दिला आणि तीन वर्षांची थकबाकी पाच हप्त्यांत फेडली.